घणसोलीच्या जुन्या घराच्या माळ्यावर सापडलेली ही कोयती नक्की कशाची? कोणी ओळखेल का

घाटावरचा_जावई:

नमस्कार मंडळी, मी मूळचा सांगलीकडचा, नोकरी आणि बायको दोन्ही नवी मुंबईची. सासरचं घणसोली गावठाणातलं कौलारू घर आता पाडायला घेतलंय त्यामुळे गेले दोन रविवार माझ्याकडे पोटमाळा रिकामा करायचं काम आहे (जावई असून). एक तांब्याचा बंब निघाला, मोडके पाट, सायकलचं चाक, आणि एका गोणपाटात गुंडाळलेली ही वस्तू. फोटो टाकलेत, नीट आले नाहीत त्यामुळे मापं देतो.

मूठ धरून लांबी १३ इंच, नुसतं पातं साडेआठ. पात्याची रुंदी मुठीजवळ अडीच इंच, मध्ये पावणेदोन, टोकाकडे परत सव्वादोन, म्हणजे मध्येच पोट आत गेल्यासारखं दिसतं. टोक धारेच्या बाजूला किंचित वळलंय, पोपटाच्या चोचीसारखं पण बोथट. वजन किचनच्या काट्यावर ३९० ग्रॅम. पाठ चांगली जाड, ४ मिमी असेल, पण धारेकडे येता येता एकदम पातळ होत जातं आणि गंमत म्हणजे उतार फक्त एकाच बाजूला आहे, दुसरी बाजू पाटीसारखी सपाट. पाठीवर मधोमध कोणीतरी हातोडीनं ठोकून ठोकून लोखंड दोन्हीकडे अळंबीसारखं पसरवलंय. मूठ सागवानी वाटते, त्यावर पितळी शेंबी (मुठीच्या तोंडावरचं कडं). मुठीजवळ पात्यावर एक छाप आहे, तीन टिंबं आणि खाली चंद्रकोर.

उसाचा कोयता नाही हे मी छातीठोक सांगतो, आमच्या घरी त्याचा ढीग पडलेला असतो. सासरे म्हणतात लहानपणापासून बघतोय पण कशाची ते माहीत नाही. बायको ऑफिसच्या कामासाठी बंगळूरला आहे, ती म्हणाली आजीला विचार. आजीला दुपारी विचारतो, तोवर तुम्ही सांगा.

मावळा_९६:

दादा ही शंभर टक्के शिवकालीन आहे, मावळ्यांच्या कमरेला असायची. चंद्रकोर बघा ना छापात. पाडापाडीत भंगारवाल्याला देऊ नका, लाखात जाईल.

सुरीकात्री_कळवा:

मावळे साहेब जरा दमानं. चंद्रकोर आणि टिंबं हा गावच्या लोहाराचा छाप असतो, ज्याला अक्षर कोरता येत नाही तो टोच्यानं टिंबं मारतो आणि नखासारख्या छिन्नीनं कोर काढतो, चार ठोक्यांचं काम आहे. त्यावरून साल काढता येत नाही आणि गावही काढता येत नाही.

ज्यांची ही वस्तू आहे त्यांना: तुम्ही मापं इतकी छान दिलीत त्याबद्दल आधी आभार, नाहीतर लोक एक अंधारा फोटो टाकतात आणि किंमत विचारतात. माझा धार लावायचा छंद आहे (धंदा नाही) त्यामुळे मी आधी झीज बघतो. मुठीजवळ अडीच, टोकाला सव्वादोन आणि मध्ये पावणेदोन म्हणजे मधलं पाऊण इंच लोखंड दगडावर गेलंय. घरच्या सुरीचं इतकं जायला दोन पिढ्या लागतात, आणि घरात कोणी इतकी काळजीनं धार लावत पण नाही. हे कोणाचं तरी रोजचं पोटापाण्याचं हत्यार होतं, आणि त्याला दाढी करता येईल इतकी धार लागत होती. त्याच माणसानं पाठीवर हातोडा मारला असेल असं मला वाटत नाही, ते काम नंतरच्या कोणाचं तरी आहे.

चेंदणीकर:

आमच्या चेंदणी कोळीवाड्यात मासळी कापायला मोठी कोयती असते, घोळ सुरमईचे तुकडे करायला, पण ती अशी एका बाजूनं तासलेली नसते आणि चांगली जड असते, काट्यावर मारायची असते ना. माझ्या मते ही चांभाराची रापी.

सुरीकात्री_कळवा:

रापी नाही. रापीचं पातं पसरट अर्धगोल असतं, धार पुढच्या बाजूला, आणि कातडं फळीवर ठेवून ढकलून कापायचं. हिची धार लांबीला आहे.

टोपली_सूप:

बुरूडकाम असेल का? आमच्या शेजारी ठाण्याला जांभळी नाक्याकडे एक म्हातारे सुपं टोपल्या विणायचे, त्यांच्याकडे साधारण अशीच कोयती होती आणि ते बांबू चिरताना तिच्या पाठीवर लाकडाचा ठोकळा मारायचे. पाठ ठोकलेली आहे म्हणताय म्हणून आठवलं.

सुरीकात्री_कळवा:

बांबूची शक्यता मी पण धरली होती. पण बांबू चिरायला पातं पाचरीसारखं लागतं, दोन्ही बाजूनं उतार, नाहीतर चीर एका अंगाला पळते आणि कांब वाया जाते. एका बाजूनं सपाट हत्यार म्हणजे रंध्याचं पातं समजा. ते फोडत नाही, सोलतं. पातळ चकती काढायची आणि मागे राहिलेला भाग गुळगुळीत राहायला हवा, असं काम शोधा.

भाता_आणि_ऐरण:

एक सोपा प्रयोग करा. पातं साबणानं धुऊन तेलाचा अंश काढा, मग जेवणातलं साधं व्हिनेगर कापसानं लावून अर्धा तास ओलं ठेवा, मग धुऊन पुसून तेलाचा हात. जुन्या लोहारी हत्यारात सगळं पोलाद नसतं, पोलाद महाग होतं, म्हणून अंग लोखंडाचं आणि धारेला फक्त पोलादाची पट्टी तापवून ठोकून जोडलेली. व्हिनेगरनं पोलाद काळपट होतं आणि लोखंड उजळ राहतं, मधे रेघ दिसते. रेघ दिसली तर फोटो टाका, दोन्ही बाजूंचा. आणि सगळं पातं सारखंच काळं झालं तर बहुतेक ट्रकच्या पाट्यापासून केलेलं, म्हणजे फार जुनं नाही.

ग्राइंडर लावू नका हो प्लीज.

घाटावरचा_जावई:

प्रयोग केला!! काल रात्री बाथरूममध्ये, सासूबाई बघून गेल्या काही बोलल्या नाहीत. रेघ आली, म्हणजे अगदी पेन्सिलीनं मारल्यासारखी. उताराच्या बाजूला धारेलगत बारीक काळी कड, आणि सपाट बाजूला पट्टी, मुठीजवळ बोटभर रुंद आणि मध्ये जिथं झिजलंय तिथं जेमतेम ४ मिमी. वरचं लोखंड पांढुरकं आहे आणि त्यात लांबीला लाकडाचे असतात तसे रेषे दिसतायत, तडे आहेत का ते?

आणि आजीला विचारलं. आजी ८४ वर्षांची आहे, ऐकू चांगलं येतं पण तिचं आगरी मला अजून सगळं कळत नाही, लग्नाला सहा वर्षं झाली तरी. तिनं हातात घेऊन लगेच सांगितलं, "आरं यी तारीवाल्याची हाय." मी विचारलं तारीवाला म्हणजे कोण, तर म्हणाली तारीवाला म्हणजे तारीवाला. मला वाटलं तारी म्हणजे 'तरी', खाडीतली होडी, ठाण्याच्या खाडीत अशा होड्या चालायच्या ना पूर्वी, मग तारीवाला म्हणजे नावाडी असणार. दोर कापायची कोयती असेल का?

मावळा_९६:

नावाडी म्हणजे आरमार. बघा मी म्हटलं होतं.

आगरी_पोर_ऐरोली:

दाजी 😂😂 सहा वर्षं जेवताय सासरी आणि अजून ड कळला नाय. आगरीत ड चा र होतो. गाडी ती गारी, घोडा तो घोरा, वाडा तो वारा. ताडी ती तारी! तारीवाला म्हणजे ताडीवाला. झाडावर चढून ताडी काढनारा. होडी बुडाली तुमची.

सुरीकात्री_कळवा:

अरे वा! एका अक्षरात काम झालं. आता सगळं बसतंय. सोलायचं हत्यार, रोज धार, पातळ चकती.

तात्यांची_नात_वसई:

मी हे सगळं सकाळपासून वाचतेय आणि फोटो झूम करून बघतेय. आम्ही भंडारी, माझे आजोबा माड आणि ताड दोन्ही करायचे, म्हणून लिहिते, जरा लांबेल.

ताडाच्या फुलोऱ्याचा रस म्हणजे ताडी. खोडाला भोक पाडत नाहीत, लोकांना तसं वाटतं, ते शिंदीचं वेगळं, तिच्या खोडालाच वर चीर देतात. ताडाचा वरचा फुलोरा आधी हळूहळू ठेचून दाबून तयार करायचा, नर झाडाचाही होतो आणि ज्याला ताडगोळे लागतात त्या मादी झाडाचाही, मग बांधायचा आणि टोकाची चकती कापायची की थेंब थेंब रस सुरू होतो. पण कापलेलं तोंड काही तासांत सुकतं, बुजतं. म्हणून रोज सकाळ संध्याकाळ वर चढायचं आणि परत एक चकती काढायची, आणि ती इतकी पातळ की फुलोरा महिनाभर तरी पुरला पाहिजे. जाड कापली तर आठ दिवसांत झाड रिकामं. आजोबा म्हणायचे चकतीतून उजेड दिसला पाहिजे. आणि कापताना तोंड चेचलं गेलं तर रस कमी येतो, म्हणून धार दाढीच्या वस्तऱ्यासारखी आणि उतार एकाच बाजूला. रात्री जेवणं झाली की आजोबा अंगणात बसून धार लावायचे, तो आवाज मला अजून झोपेत येतो.

६०-७० फूट उंचीच्या झाडावर दिवसातून दोनदा, पायात दोराचा फास, कमरेला मागे आकडी आणि आकडीत कोयती अडकवलेली. टोक बोथट का ते आता कळलं असेल, खाली उतरताना मांडीला लागू नये. तुमच्या फोटोत पात्याच्या पाठीवर मुठीपासून दोन बोटांवर एक घासलेली चकचकीत जागा आहे बघा, ती मला आकडीची वाटते.

मूठ मात्र आमच्यासारखी नाही. आजोबांची मूठ बारीक होती आणि शेवटाला गाठ होती, घामानं हात सटकू नये म्हणून. तुमची मूठ नंतर कोणीतरी बदललेली असणार.

घाटावरचा_जावई:

ताई मी आत्ता बॅटरी लावून बघितलं, ती चकचकीत जागा आहे!!! मी तिला गंज कमी लागलेली जागा समजत होतो. अंगावर काटा आला.

भाता_आणि_ऐरण:

रेषे म्हणजे तडे नाहीत, काळजी करू नका. ते जुन्या पद्धतीचं घडीव लोखंड आहे, त्यात मळीचे (लोखंड गाळताना राहिलेल्या कचऱ्याचे) धागे राहतात आणि ठोकून ठोकून ते लांबीला पसरतात म्हणून लाकडासारखं दिसतं. आजचं बाजारातलं माइल्ड स्टील असं दिसत नाही. पण म्हणून कोयती दीडशे वर्षांची असं म्हणू नका. गावचा लोहार नवीन लोखंड कशाला आणेल, बैलगाडीच्या चाकाची धाव (चाकावरचा लोखंडी पट्टा) तुटली की तीच तापवून कोयते विळे करायचे, त्यामुळे लोखंड आजोबांच्या काळातलं आणि हत्यार नातवाच्या काळातलं असं सर्रास व्हायचं. माझे चुलते लोहारच होते, त्यांच्या पडवीत धावांचे तुकडे रचून ठेवलेले असायचे, सोनं असल्यासारखे.

बाकी सपाट बाजूला पोलाद आणि उतार लोखंडात हे मुद्दाम केलेलं असतं. लोखंड मऊ, दगडावर लवकर उतरतं, धार लावायला सोपं, आणि टोकाला उरतं ते फक्त पोलाद. चांगला लोहार होता. आणि ४ मिमी उरलंय म्हणजे हत्यार धंद्यातून निवृत्त का झालं त्याचं एक कारण तिथंच आहे, अजून दोन वर्षांनी पोलाद संपलं असतं.

चेंदणीकर:

रापी म्हटलं होतं, मागे घेतो. एक विचारू का, उतार कुठल्या बाजूला आहे? मूठ उजव्या हातात धरून टोक पुढे आणि धार खाली.

घाटावरचा_जावई:

डाव्या बाजूला उतार. उजवी बाजू सपाट.

चेंदणीकर:

मग तो माणूस डावखुरा! उजव्या हाताच्या माणसाची उलटी असते.

तात्यांची_नात_वसई:

इतकं सरळ नाही हो. वर झावळ्यांमध्ये बसून एका हातानं फुलोरा धरायचा आणि दुसऱ्यानं कापायचं, कोण आपल्याकडे ओढून कापतो कोण बाहेर ढकलून, त्यावर उताराची बाजू ठरते. आजोबा उजव्या हाताचे होते, त्यांच्या कोयतीचा उतार कुठे होता ते आता आठवत नाही, कोयती पण काकांकडे आहे. विचारते.

परवाना_पाहिजे_का:

जरा कामाचं. दोन इंचापेक्षा रुंद पातं आहे म्हणून कोणी घाबरवेल, शस्त्र कायद्याच्या नियमात ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या येतात, पण घरगुती, शेती, कारखान्याच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. ही उघड उघड शेतीची. तरी लोकलमध्ये पिशवीतून उघडी नेऊ नका, तिथं पोलिसाला तुम्ही ताडीचा इतिहास सांगत बसणार का.

आणि लाखात वगैरे विसरा. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावस्तू धरतात आणि ती देशाबाहेर विकता येत नाही, आणि ह्या कोयतीची शंभर वर्षं सिद्ध कशी करणार? वर भाऊंनी सांगितलंच, लोखंडाचं वय वेगळं आणि हत्याराचं वेगळं.

घाटावरचा_जावई:

विकायची नाहीच आहे. माझा खरा प्रश्न आता वेगळाच आहे, सासरची मंडळी आगरी, भातशेती आणि मिठागर, ह्यांच्यात कोणी ताडावर चढलेलं नाही मग कोयती घरात कशी आली? आज संध्याकाळी आजीजवळ परत बसलो, ह्या वेळी ड लक्षात ठेवून. तिनं सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो.

गावाच्या खाली खारजमीन होती, तिच्या बांधांवर ह्यांचे सात ताड होते. ताडीवाला बाहेरून यायचा, हंगामापुरती झाडं घ्यायचा, बदल्यात पैसे आणि घरापुरती ताडी. राहायचा ह्यांच्याच पडवीत. आजी लग्न होऊन आली तेव्हा तो येत नव्हता, कोयती मात्र चुलीमागे होती, हे सगळं तिला तिच्या सासूनं सांगितलेलं. तो एका वर्षी गेला तो आलाच नाही. का नाही आला विचारलं तर "बंदी झाली नं" एवढंच. मग आजीच्या सासूनं ती कोयती फाटी फोडायला घेतली, पावसाळ्यात ओलं लाकूड फुटेना म्हणून पाठीवर दगड मारायची. म्हणजे अळंबी झालेली पाठ ही माझ्या आजेसासूच्या सासूची करामत. मूठ आजोबांनी बदलली, शेंबी कुठून आणली तर म्हणे पाण्याच्या पंपाच्या पितळी नळीची. सात ताडांची जमीन पुढे सिडकोच्या संपादनात गेली, आता तिथं काय आहे विचारलं तर आजीनं हात नुसता खिडकीबाहेर केला. खिडकीबाहेर टॉवर आहे.

तात्यांची_नात_वसई:

बंदी म्हणजे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. ताडी पण त्यात आली. आमच्या घरी ते साल अजून सुतक असल्यासारखं सांगतात. त्याआधी इंग्रजांनी १८७८ च्या आबकारी कायद्यानं झाडागणिक कर लावून भंडाऱ्यांचं कंबरडं मोडलं होतंच, पण तेव्हा निदान कर भरून झाडावर चढता यायचं. बंदीनंतर परवाना घेऊन नीरा काढता यायची, मडक्याला आतून चुना लावायचा म्हणजे रस आंबत नाही, काहींनी ते केलं, आजोबांनी पण केलं, बरेच जण गिरणीत गेले किंवा गावाला परत गेले. तुमच्या पडवीतला माणूस कुठे गेला कोण जाणे. पण एक सांगते, आमच्यात कोयती कोणी विसरून जात नाही. दुसऱ्याला हात पण लावू देत नसत. पडवीत ठेवून गेला म्हणजे परत येणार होता.

सुरीकात्री_कळवा:

...

हे वाचून धार लावायचा दगड खाली ठेवला.

घाटावरचा_जावई:

ताई मी पण हे वाचून जरा गप्पच झालो. आजीला वाचून दाखवू का नको कळत नाही.

भाता_आणि_ऐरण:

जपायचं कसं ते लिहून ठेवतो. सुटा गंज रॉकेलमध्ये भिजवून बारीक स्टील वूलनं हलक्या हातानं, काळा थर राहू द्या, तो गंज नाही, तोच पात्याला वाचवतो. मग कोरडं करून मशीनचं तेल, खोबरेल नको, चिकट होऊन बसतं. मुठीला अळशीचं तेल. कातडी म्यानात किंवा गोणपाटात ठेवू नका, ओल धरतात, नवी मुंबईच्या पावसाळ्यात चार महिन्यांत पातं लाल होईल. उघडी भिंतीवर टांगा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी. पाठ सरळ करायला जाऊ नका आणि मूठ पण जुन्यासारखी करायच्या भानगडीत पडू नका. पंपाच्या नळीची शेंबी तशीच राहू दे.

तात्यांची_नात_वसई:

काकांना फोन झाला. आजोबांच्या कोयतीचा उतार डाव्या बाजूला आहे आणि आजोबा उजव्याच हाताचे होते. चेंदणीकर दादा, सॉरी.

चेंदणीकर:

आज माझा दिवसच नाही.

घाटावरचा_जावई:

शेवटचं अपडेट. बायको आज पहाटे आली, तिला सगळा धागा वाचायला दिला, होडीवाल्या भागाला इतकी हसली की शेजारचे उठले. आजीला पण वाचून दाखवलं शेवटी. तिनं सगळं ऐकून घेतलं, पडवीत ठेवून गेला म्हणजे परत येणार होता हे दोनदा वाचायला लावलं, मग थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुजं फोटू झालं असतील तं दे इकरं, मना नारल फोराचाय."

ह्या वेळी एका फटक्यात कळलं.

भाता_आणि_ऐरण:

नारळ नको!!! मध्ये ४ मिमीच पोलाद उरलंय, आजींना दुसरा कोयता आणून द्या, मी पाठवतो हवा तर

घाटावरचा_जावई:

उशीर झाला. पाठीनं फोडला पण, धारेला धक्का नाही. खोबरं चांगलं निघालं.